जड पाण्यातील बिऱ्हाड

मराठवाड्याच्या आग्नेय सीमेवर, कर्नाटकाला लागून असलेल्या पठारावर उदगीर वसले आहे, आणि या पठारावर वाढणाऱ्या माणसाला पाण्याची ओळख बहुधा त्याची वाट पाहण्यातूनच होते: नळाचा दिवस, टँकरची वेळ, उन्हाळ्यात खाली जाणारी बोअरची पातळी. अशा गावात घराच्या बैठकीत काचेची पेटी ठेवून तीत दीडशे लिटर पाणी केवळ माशांसाठी राखणे ही वरवर पाहता विसंगत गोष्ट आहे. परंतु ज्याने अशी पेटी मनापासून आणि दीर्घकाळ सांभाळली आहे, त्याची पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि हा बदल एका दिवसाचा नसून बालपण, तारुण्य, संसार आणि उतारवय यांच्या सोबतीने घडत जातो.

या भागातील मुलाने जवळून पाहिलेला पहिला जिवंत मासा पुष्कळदा गप्पी असतो. डासांच्या अळ्या गप्पी आवडीने खातो, म्हणून ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे वाक्य महाराष्ट्रातील खेडोपाडी भिंतींवर रंगवले गेले, गप्पींच्या पैदाशीसाठी टाक्या राखल्या गेल्या, आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे ठेवता येत नाहीत अशा हौदांमध्ये हे मासे सोडण्यात आले. हौदाच्या कठड्यावर ओणवे होऊन पाहणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते की हा मासा मूळचा व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदाद या प्रदेशांतील आहे, किंवा १८६६ मध्ये रॉबर्ट लेक्मियर गप्पी यांनी त्रिनिदादहून लंडनला धाडलेल्या नमुन्यांमुळे त्यांचे आडनाव या माशाला कायमचे लाभले आहे. मुलाला दिसतो तो ठिपकेदार शेपटीचा चिमुकला नर, त्याच्याहून मोठी आणि फिक्या रंगाची मादी, आणि एखाद्या सकाळी अचानक पाण्यात हालू लागलेली पिले, कारण गप्पी अंडी न घालता थेट पिलांनाच जन्म देतो. त्या वयात हौद हा माशांचा असतो. पाण्याचा विचार अजून मनात आलेला नसतो.

माशांकडे केवळ अन्न म्हणून न पाहता त्यांच्या सवयी निरखण्याची वृत्ती या भूभागाला नवी नाही. उदगीरपासून फार दूर नसलेले बसवकल्याण ही एकेकाळी चालुक्यांची राजधानी कल्याणी होती, आणि तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. त्याचा हेतू गळाने मासे पकडण्याच्या राजक्रीडेचा आहे, पालनाचा नाही. तरीही त्यात माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे आणि कोणाला कोणते खाद्य द्यावे याचा जो तपशील येतो, तो पुष्कळ काळ पाण्याकडे पाहत बसल्याशिवाय हाती लागणारा नव्हे. समुद्रापासून इतक्या दूरच्या पठारावर असे प्रकरण लिहिले गेले, ही बाब आजच्या काचपेटीसमोर बसणाऱ्यालाही आपुलकीची वाटावी.

तारुण्यात हा छंद बहुधा काचेच्या गोल भांड्यातून आणि दोन गोल्डफिशमधून घरात शिरतो, आणि तेथेच तो बहुतेकांच्या बाबतीत संपतोही. गोल्डफिश हा मूळचा चीनमधील, थंड पाण्याचा, भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा आहे. गोल भांड्यात पाणी थोडे, हवेला उघडा राहणारा पृष्ठभाग त्याहून थोडा, आणि गाळणीचा पत्ता नाही. काही दिवसांत मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो, मग उलटतो, आणि दोष खाद्यावर किंवा नशिबावर जातो. खरे कारण पाण्याच्या रसायनात असते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून, अमोनिया हा विषारी पदार्थ सतत पाण्यात उतरत असतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, जे पुन्हा विषारीच असते. आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू दुकानातून मासा आणल्याबरोबर येत नाहीत. ते गाळणीच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर आणि काचेवर हळूहळू वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जाणकार माणूस पेटी आणल्यावर गाळणी चालू करतो, पाण्यात चिमूटभर खाद्य कुजू देतो आणि मासे न आणता थांबतो. या छंदात सर्वांत अवघड काम हेच आहे, आणि ते पंचविशीपेक्षा चाळिशीत अधिक सहज जमते.

संसार स्थिरावल्यावर घरात येते ती खरी काचपेटी: तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, सुमारे १६० लिटरची. वाळू आणि काचेसह तिचे वजन २०० किलोच्या पुढे जाते, म्हणून लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड आणि काचेखाली थर्माकोलचा थर ही व्यवस्था लागते. तिच्यात अनेक जातींचे मासे एकत्र ठेवायचे असतात, आणि येथेच उदगीरच्या भूमीचा प्रश्न उभा राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या बेसाल्टवर दख्खनचे पठार उभे आहे. त्या खडकाच्या भेगांतून मुरत जाणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन बोअरमध्ये उतरते. हेच ते जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्याचा पांढरा थर बादलीवर, हिटरवर आणि काचपेटीच्या कडेवर साचतो. अशा पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता मोजणारा अंक, सातच्या वर राहतो.

या गुणाचे दोन परस्परविरोधी परिणाम होतात, आणि ते दोन्ही ध्यानात घेतल्याशिवाय येथील पेटी समजत नाही. पाण्यातील अमोनियाचा खरा विषारी अंश सामूबरोबर वाढतो: २५ अंश सेल्सियसला सामू सातवरून आठवर गेला तर तो जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे मऊ, आम्ल पाण्यात खपून जाणारी चूक जड पाण्यात प्राणघातक ठरते. उलट अमोनिया पचवणारे जिवाणू आपल्या कामात पाण्यातील अल्कता खर्च करीत असतात, आणि ती जड पाण्यात मुबलक असल्यामुळे एकदा वसलेली जिवाणूंची वस्ती येथे टिकाऊ असते. पहिला महिना निष्ठुर आणि पुढची वर्षे भरवशाची, असा या पाण्याचा स्वभाव आहे. त्याच्या जडपणात आणखी भर पडू नये म्हणून पेटीत घालण्याच्या दगड-वाळूची परीक्षा करावी लागते. घरोघरी अंथरलेली शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात. त्यांवर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे उठतात. असे खडे पाण्यात हळूहळू विरघळून ते अधिक जड करतात. शेतातल्या काळ्या दगडाला असे बुडबुडे येत नाहीत, म्हणून तोच धुऊन घ्यावा.

मासे निवडताना या पाण्याला प्रमाण मानावे की माशाला, हा या छंदातील मूलभूत निर्णय आहे. चेन्नईतील कोलाथूरहून किंवा कोलकात्याच्या परिसरातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत येणारे मासे दुकानात सारखेच मोहक दिसतात, आणि निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा तर नजर हटू देत नाही; पण तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, आम्ल पाण्याचा रहिवासी आहे. त्याच्यासाठी आरओ यंत्र लावावे, तर गाळलेल्या प्रत्येक लिटरमागे त्याहून अधिक पाणी मोरीत सोडावे लागते, आणि उदगीरमध्ये तसे करणे मनाला पटण्यासारखे नाही. त्याउलट प्लॅटी, मॉली आणि स्वोर्डटेल हे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील मासे जड पाण्यात खुलतात, गप्पी तर येथे रुळलेलाच आहे, आणि फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात वर्णिलेले झेब्रा डॅनिओ व रोझी बार्ब हे भारतीय मासे मध्यम जड पाण्यात सुखाने राहतात. त्यांतही पथ्ये आहेत. डॅनिओ आणि बार्ब यांना किमान सहा जणांचा थवा लागतो; स्वोर्डटेलचा एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवल्या तर भांडणे कमी होतात; टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतो, त्यामुळे गप्पीच्या घरात त्याला जागा नाही. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा बोटभर सकर फिश पुढे फूटभराहून मोठा होतो, हे विकताना क्वचितच सांगितले जाते.

थंड प्रदेशांसाठी लिहिलेली मार्गदर्शके हिटरवर भर देतात. उदगीरमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती त्याची गरज असते. खरी कसोटी एप्रिल-मेची. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो, पठाराच्या उंचीवर याहूनही थोडा कमी, आणि नेमक्या त्याच वेळी माशांना तो अधिक हवा असतो. त्यात भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे अनेक तास विजेविना काढले, आणि बंद पडलेली गाळणी म्हणजे गुदमरणारे मासे एवढेच नव्हे, तर गुदमरणारे जिवाणूही. मग कोणीतरी तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत पेटीत ओतत बसतो, सेलवर चालणारा हवेचा पंप आणतो, संध्याकाळचे खाद्य बंद करतो. बाष्पीभवनाने पाणी उतरते तेव्हा क्षार मागेच राहतात, त्यामुळे वरून बोअरचेच पाणी घालत राहिल्यास पेटी महिन्यागणिक अधिक जड होते. पावसाळ्यात पत्र्यावरून धरून ठेवलेले स्वच्छ पाणी येथे उपयोगी पडते. नळाचे पाणी असेल तर त्यातील ब्लिचिंगचा क्लोरीन निघून जाण्यासाठी ते दिवसभर उघडे ठेवावे.

या सर्वांहून कठीण प्रश्न दुष्काळ विचारतो. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, तेव्हा उदगीरसह त्या जिल्ह्यातील काचपेट्यांत आठवड्याला बदलायचे ४० लिटर पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नव्हता. अशा वेळी पेटी रिकामी करणे हा एक प्रामाणिक मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. दुसरा मार्ग माशांची संख्या व खाद्य निम्म्यावर आणण्याचा, नायट्रेट शोषून घेणाऱ्या पाणवनस्पती वाढवण्याचा, पेटी झाकून बाष्पीभवन रोखण्याचा, आणि काढलेला प्रत्येक थेंब तुळशी-जास्वंदीला घालण्याचा आहे. नायट्रेट असलेले ते पाणी झाडांना खतच असते. हा दुसरा मार्ग ज्याने पत्करला त्याला पुढे भरपावसाळ्यातही जास्त मासे ठेववत नाहीत.

याच उदगीरमध्ये महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावी मत्स्यशास्त्राची पदवी दिली जाते, ही घटना या प्रदेशाच्या तळ्या-धरणांचे मोल सांगते, आणि काचपेटीवाल्यावर एक जबाबदारीही टाकते. उतारवयात जड बादल्या उचलणे झेपत नाही, मुले पुण्या-हैदराबादला गेलेली असतात, पेटी मोडायची ठरते, आणि दयाबुद्धीने मासे तळ्यात किंवा नदीत सोडण्याचा विचार मनात येतो. ती दया नव्हे. सकर फिश देशातील अनेक जलाशयांत अशाच मार्गांनी पसरून स्थानिक माशांच्या जागा व्यापीत आहे, आणि डासांच्या अळ्या खाणारा गप्पीसुद्धा बंद हौदातच शोभतो. नाल्यात गेल्यास तो मूळच्या लहान माशांची अंडी व पिलेही सोडत नाही. अशी पेटी मोडताना मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत, आणि त्यांच्यासोबत गाळणीतला जुना, मळका स्पंज न धुता, पेटीच्याच पाण्यात भिजवून द्यावा, म्हणजे त्यावरील जिवाणूंमुळे नव्या पेटीचे ते चार-सहा आठवडे बरेच कमी होतात.