मिक्श्चरचा स्क्रू सापडत नाही

वाईत माझं छोटं गॅरेज आहे. वीस वर्षं कार्बोरेटरवर काम केलं. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत बसवायचा, दीड-दोन फेरे बाहेर काढायचा आणि मग पाव-पाव फेऱ्याने इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत कान लावून जुळवायचा. डोळे मिटूनही जमावं इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

एका हिवाळ्यात मित्राने कोकणातून जुनी क्वाड बाईक विकत आणली. तिथे ती किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची. मित्राला पाचगणीजवळच्या शेतात राइड सुरू करायच्या होत्या. टेम्पोने पसरणीचा घाट चढण्याआधी गाडी माझ्याकडे उतरवली आणि म्हणाला, "दादा, चढाला दम सोडते बघ."

अंगठ्याने थ्रॉटल अर्धा दाबला की अडखळायची. सोडला की सायलेन्सरमधून फट-फट. प्लग काढला तर पांढराफटक. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, हे दिसतच होतं. सायलेन्सरही आधीच्या मालकाने बदललेला, मोकळ्या आवाजाचा.

मी मिक्श्चरचा स्क्रू शोधायला लागलो. थ्रॉटल बॉडीवर एक स्क्रू होता, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. पाना लावला, रंग तडकला, अर्धा फेरा फिरवला. आयडलिंग वाढलं, पण अडखळणं उलट बिघडलं. तो स्क्रू मिश्रणाचा नव्हताच. बंद थ्रॉटलची पट्टी कुठे टेकायची एवढंच तो ठरवतो आणि थ्रॉटल सेन्सरचा शून्यही त्याच जागेवर धरलेला असतो. मी तो शून्यच हलवला होता. खूण केली नव्हती. सर्व्हिस मॅन्युअल मिळवून, मल्टिमीटरने सेन्सरचं व्होल्टेज बघत तो जागेवर आणण्यात अख्खा दिवस गेला.

ही गाडी कार्बोरेटरची नव्हतीच, इंजेक्शनची होती. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचं माप वेळेत असतं. पंप ठरावीक दाबाने पेट्रोल देतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्यासाठी तो इंजिनाचे फेरे, थ्रॉटल, हवेचा दाब आणि तापमान बघतो. पाचगणी सुमारे 1300 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 14 टक्क्यांनी कमी. कार्बोरेटरची गाडी तिथे रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, काळा धूर काढते. ही दाब ओळखून स्वतःच पेट्रोल कमी करते. म्हणजे उंचीला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. मॅन्युअलमध्ये 39 पीएसआय. काटा 39 वर जायचा, पण रेस दिली की हळूहळू 31 वर उतरायचा. पंपासोबतचा फिल्टर काढला तर जाळीत बारीक वाळू आणि तपकिरी गाळ. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. त्यामुळे 39 चा 31 झाला की जवळपास 11 टक्के पेट्रोल कमी मिळतं. ईसीयूला याचा पत्ताच नसतो, कारण या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नव्हता. नवा फिल्टर बसला आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं.

राहिलेल्या निम्म्यासाठी एक्झॉस्ट पाइपला नट वेल्ड करून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला. एकसारख्या वेगात लॅम्डा 1.08 दिसला. एक म्हणजे नेमकं मिश्रण, एकाच्या वर लीन. कारणं दोन, मोकळा सायलेन्सर आणि आपलं ई20 पेट्रोल. इथॅनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात तिथे ई20 ला साधारण साडेतेराच. जुन्या पेट्रोलच्या हिशोबावर चालणारा ईसीयू मात्र आधीइतकंच पेट्रोल सोडतो. वाइडबँडच्या गेजवर 14.7 आणायच्या मागे लागू नका, लॅम्डा बघा. तो इंधन बदललं तरी फसवत नाही.

इंजेक्टरच्या वायरीत फ्युएल कंट्रोलर जोडला. ईसीयूचा संदेश तो थोडा लांबवतो. इंजिन पूर्ण तापल्यावर एकच चढ, एकच गिअर, दर वेळी दोन टक्क्यांची वाढ आणि लॅम्डा वहीत टिपायचा. थंड इंजिनात ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, म्हणून तेव्हाचे आकडे धरायचे नाहीत. आठ टक्क्यांवर एकसारख्या वेगात 1.00 आला, पूर्ण थ्रॉटलला 0.88. तिथे थांबलो. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ही वाढ ईसीयू एकसारख्या वेगात परत कापून टाकतो, तिथे कामाची रीत वेगळी.

आता इंजेक्शनच्या गाडीवर माझं पहिलं हत्यार प्रेशर गेज असतं. हंगाम संपल्यावर मित्र गाडी घेऊन आला तेव्हा प्लग काढून पाहिला. फिकट बिस्किटाचा रंग. थ्रॉटल बॉडीवरच्या त्या स्क्रूवर मी पुन्हा पिवळा ठिपका दिला आहे. तुमच्या गाडीवर तसा ठिपका दिसला तर त्याला पाना लावू नका.