निळा धूर

पहाटे साडेपाचला अण्णा जीप चालू करायचे आणि मागे जाऊन उभे राहायचे. सायलेन्सरपाशी, हात पाठीमागे बांधून. थंडीत परभणीचा पारा उतरला की कृषी विद्यापीठातली नोंद राज्यभरच्या पेपरांत छापून येते. तसल्या थंडीत पहिला धूर पांढरा निघायचा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. इंजिन गार असलं की थोडं डिझेल न जळताच बाहेर पडतं. दोन-तीन मिनिटांत तो धूर थांबला की अण्णा "हां" म्हणायचे आणि चहाला आत यायचे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय, नाहीतर नोझल नीट फवारा मारत नाही. पंधरा माणसं कोंबून गिअर बदलताना थोडा काळा तर लाइनवरच्या सगळ्याच गाड्या सोडायच्या. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

निळा वाईट. निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की खालचं ऑइल वर चढतं आणि डिझेलबरोबर जळतं. त्याचा वासही वेगळा, करपल्या तेलाच्या कढईसारखा, पण गोडसर. धुतल्या कपड्यांतूनही जात नाही. आई अण्णांच्या कपड्यांची बादली वेगळी ठेवायची, तरी माझ्या शाळेच्या ड्रेसला तो वास यायचाच. बाकावर शेजारी बसणारी पोरगी नाकाला रुमाल लावायची. मी सांगायचे, आमचं घर पेट्रोल पंपाजवळ आहे. खोटं होतं ते.

आमची कमांडर परभणी-जिंतूर लाइनवर चालायची, काळी-पिवळी. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण अण्णा मागच्या फळीवर रंगवून घेणार होते, आईनं घेऊ दिली नाही. म्हणाली, आधीच ती बनत नाही, वर लिहून कशाला सांगायचं. (या खटारा जीपांना हसू नका. महिंद्राच्या काही जीपांत फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर बनलेली इंजिनं होती आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं. म्हणजे झरीहून बोरीला जाणारी एखादी म्हातारी मर्सिडीजच्या इंजिनावर जायची, कोंबडी मांडीवर घेऊन.)

मला गाडी लागायची. मामाच्या गावाला जाताना मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर बसलं की झरी यायच्या आत मळमळायला लागायचं. आई लिंबू हुंगायला द्यायची. सगळे म्हणायचे, पोरगी नाजूक आहे. ड्रायव्हरच्या पोरीला गाडी लागते, हा स्टँडवरचा जुना विनोद होता. मागे बसणाऱ्या बायकाही तोंडाला पदर लावून बसायच्या, त्यांच्या मांडीवरची पोरं ओकायची. गाडी लागते म्हणजे गाडीच लागते, त्यात विचारायचं काय?

2009 साली मला औरंगाबादला डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली, मेकॅनिकलला. वर्गात आम्ही तीनच मुली होतो. तिथं कळलं की पळणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची बाजू उघडी असेल तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. ताडपत्री वर केली की आपल्याला वाटतं वारा येतोय. येतो तो धूर.

दिवाळीला घरी आले तेव्हा पहाटे मीही मागे जाऊन उभी राहिले. जीप तापली, पांढरा थांबला आणि निळा तसाच येत राहिला.

"अण्णा, हे कधीपासून?"

"झाले की दोनेक वर्षं."

"मग काम कामून नाही केलं?"

"करू की."

गॅरेजवाल्या चाचांनी मला नंतर सांगितलं. "तेरे बाप कू कब का बोला मैं. गाडी तेल पी री, बॅक कॉम्प्रेशन मार री. बोअर करो, रिंगा डालो." 25 हजारांचं काम होतं. पैसे जमवलेही होते. त्याच जूनमध्ये माझी फी भरायची होती, होस्टेलचं डिपॉझिट होतं. अण्णांनी इंजिन न उघडता दर दोन दिवसांनी वरून ऑइल ओतायला सुरुवात केली. पीयूसीलाही जीप कशीबशी बसत होती. जुन्या डिझेल गाड्यांना धूरमापकावर 65 पर्यंत मुभा असते, आणि ते मशीन धूर किती दाट ते बघतं, रंग विचारत नाही.

2012 मध्ये, मी शेवटच्या वर्षाला असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला. कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा तो गट. तंबाखूचा धूरही त्यातच आहे. मी फोन करून अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण तर पुढं बसतो. धूर मागं जातो."

मी काहीच बोलले नाही. तेही थोडा वेळ गप्प होते. मागे कोण बसतं ते दोघांनाही माहीत होतं.

आठवड्याभरात त्यांनी चाचांकडून सायलेन्सरला पाइप वेल्ड करून घेतला, एक बाक देऊन, बॉडीच्या बाहेर कडेला निघेल असा. दोनशे रुपयांचं काम. धूर पूर्ण थांबला नाही, पण आत येणं बरंच कमी झालं. दोनशे रुपयांत होणारं काम होतं हे, आणि मी दहा वर्षं लिंबू हुंगत होते. याचा राग मला अजून येतो, कुणावर ते मात्र ठरवता येत नाही.

2016 ला जीप भंगारात गेली. इंजिनकाम शेवटपर्यंत झालंच नाही. अण्णांना खोकला आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बिडी किती वर्षं ओढता? त्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. धुरामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. त्या रस्त्यावर धूळही काही कमी खाल्ली नव्हती. पण इनहेलर घेताना मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आम्ही आमची गाडी घेऊन गेलो. तीही डिझेलच, पण बीएस-6. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी आहे, साठलेली काजळी इंजिन आतल्या आत जाळून टाकतं. डिझेलही आता ते राहिलं नाही. बीएस-3 च्या डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत चालायचं, 2020 पासून 10 च्या वर चालत नाही.

सकाळी मी गाडी चालू केली. अण्णा शाल गुंडाळून मागे गेले. वाकून सायलेन्सरच्या आत बोट फिरवलं, बोट बघितलं. मग वास घेऊन बघितला.

"हिचा धूरच दिसंना," ते म्हणाले. "मग हिला काय झालंय ते कळतं कसं?"

"पुढं लाइट लागते, अण्णा. काही झालं की."

"हां," म्हणाले, पण चहाला आत गेले नाहीत. हात पाठीमागे बांधून तिथंच उभे राहिले.