बर्फाचं गाव निवडताना

पाचगणीच्या माणसाने थंडीच्या सुट्टीत बर्फ बघायला परदेशी जायचं म्हटलं, की हापिसातली मंडळी आधी हसतात. "अरे, लोक थंडी खायला तुमच्याकडे येतात, आणि तू कुठे चाललास?" हसू देत. डिसेंबरात टेबललँडवर पहाटे दात वाजतात हे खरं, पण साधारण १,३०० मीटर उंचीवरच्या आमच्या गावात बर्फ पडत नाही तो नाहीच.

हौस खरं तर माझी नाही, बाबांची. बाबांनी आयुष्यभर पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात नोकरी केली. नाताळच्या सुट्टीनंतर पोरं परत यायची, त्यातली काही परदेशात स्कीइंग करून आलेली असायची, आणि बाबा त्यांच्या ट्रंका मोजून घेता घेता सगळं ऐकायचे. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही. गेल्या दिवाळीत मी आणि ताईने सुट्टीचा विषय काढला तेव्हा पहिल्यांदाच म्हणाले, "एकदा बर्फावर उभं राहून बघायचंय. घसरायचं काम तुम्ही करा."

अडचण एवढीच, की बाबांना दमा आहे. टेबललँडचा चढ पूर्वी ते एका दमात चढायचे, आता मध्ये तीनदा थांबतात. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर फार वर्षं पुरणार नाही हे घरात सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही.

मग मी आपल्या जातीला जागून एक्सेल शीट केली :) एका रांगेत गावं, वरती कॉलम: उतारांची लांबी, लिफ्टची संख्या, बर्फाची खात्री, खर्च. फ्रँकफुर्टचा मावसभाऊ म्हणाला झरमाट, कारण तिथली केबल कार ३,८८३ मीटरवर नेते. हापिसातला मित्र म्हणाला जपानमधलं निसेको, तसा भुसभुशीत बर्फ जगात नाही. आईने रास्त प्रश्न विचारला, "परदेश कशाला? गुलमर्ग आहे की!"

आहे ना. पण गुलमर्ग गावच २,६५० मीटरवर, आणि गंडोला वर जवळपास ४,००० मीटरला नेऊन सोडतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६१ टक्केच उरतो. पाचगणीत तो ८५ टक्के असतो. शिवाय बर्फाचाही भरवसा कमी झालाय. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. औलीचं म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथला रोपवे बंद झाला.

डॉक्टरांनी तर माझ्या शीटकडे बघितलंही नाही. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: रात्रीचा मुक्काम २,५०० मीटरच्या खाली, आणि थंड कोरड्या हवेत चढ चढायचा नाही, नाकातोंडावर मफलर घेऊन सपाटीवर चालायचं. माझ्या शीटमध्ये "सपाटी" नावाचा कॉलमच नव्हता. स्कीच्या गावात सपाटी कोण शोधतो?

इथे मला आमच्याच गावाची गोष्ट उपयोगी पडली. महाबळेश्वर गव्हर्नर माल्कमच्या काळात, म्हणजे १८२८-२९ च्या सुमारास, थंड हवेचं ठिकाण झालं. पण जून लागला की साहेब लोकांना तिथून उतरावं लागे, इतका पाऊस. मग १८६० च्या दशकात जॉन चेसनने रुस्तमजी दुबाश यांच्याबरोबर आसपासचे डोंगर पालथे घातले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांमधली जागा पसंत केली. महाबळेश्वरपासून अवघी वीसेक किलोमीटर, पण डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे पाऊस निम्म्याहूनही कमी. म्हणजे बघा, चेसनने सगळ्यात उंच किंवा सगळ्यात देखणी जागा नाही निवडली. बारा महिने माणूस राहू शकेल अशी निवडली. पुढे याच हवेमुळे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं.

या नजरेने शीट पुन्हा बघितली तर चित्रच बदललं. निसेकोच्या अन्नुपुरी डोंगराची उंची १,३०८ मीटर. जवळजवळ पाचगणीएवढीच! पायथ्याचं गाव तर पुण्यापेक्षाही खाली. म्हणजे उंचीच्या परीक्षेत निसेको पहिलं. मग तिथे हंगामात दहा-पंधरा मीटर बर्फ कसा? एक तर ते आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, आणि सैबेरियातून येणारा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो, होक्काइदोच्या डोंगरांना धडकतो आणि तिथे ओतून मोकळा होतो. आपला मान्सून सह्याद्रीला धडकून जे करतो तेच, फक्त पाण्याऐवजी बर्फ. थोडक्यात, निसेको म्हणजे बर्फाचं महाबळेश्वर. स्कीवाल्यांना स्वर्ग, पण भर जानेवारीत ऊन दिसणं दुर्मीळ. आम्ही घसरत असताना बाबांनी दिवसभर खिडकीत बसून काय करायचं?

मग बर्फाचं पाचगणी कुठलं? तर दावोस. उंची १,५६० मीटर, पाचगणीपेक्षा अडीचशेएक मीटर जास्त. चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे वारा कमी आणि ऊन भरपूर. डॉ. अलेक्झांडर श्पेंग्लर यांनी इथली हवा फुफ्फुसांना चांगली असं सांगितलं आणि १८६५ च्या हिवाळ्यात पहिले रुग्ण आले. म्हणजे चेसनच्याच दशकात! शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल दावोसला राहिला तो बायकोच्या क्षयामुळे. तिथेच तो स्की शिकला आणि १८९४ मध्ये डोंगर ओलांडून अरोसाला गेला. ज्या वर्षी बेल-एअर उघडलं, त्याच १९१२ मध्ये थॉमस मान आजारी बायकोला भेटायला दावोसला गेला आणि त्यातून त्याची 'मॅजिक माउंटन' ही कादंबरी (१९२४) निघाली. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि हवेवर जगणाऱ्या सॅनेटोरियमांचं काम संपत गेलं. दावोस स्कीवर आणि परिषदांवर तगलं, पाचगणी शाळांवर आणि पर्यटकांवर.

रुग्णांसाठी वसलेल्या गावाचा फायदा आज बाबांना होणार. दरीतला रस्ता सपाट आहे, हिवाळ्यातही चालण्याच्या वाटा राखलेल्या असतात, आणि नवशिक्यांचा बोल्गनचा उतार गावाला लागूनच आहे. १९३४ मध्ये तिथे स्कीवाल्यांना ओढून वर नेणारी लिफ्ट बसली, तो हाच उतार. ताई आणि मी तिथे पडत-उठत असताना बाबा खाली बाकावर बसून हसू शकतील. पहिल्यांदा स्की पायात बांधणाऱ्याला तीनशे किलोमीटरचे उतार काय करायचेत? त्याला शंभर मीटर पुरतात. आणि रात्री-बेरात्री दम लागला तर मावसभाऊ रेल्वेने सहा-सात तासांवर आहे, हाही एक कॉलम मी वाढवला.

कोणी असाच बेत करत असेल तर दोन-तीन गोष्टी. जानेवारीत जागतिक आर्थिक परिषदेच्या आठवड्यात दावोसच्या वाटेला जाऊ नका, खोली मिळणार नाही आणि मिळाली तर परवडणार नाही. विमा घेताना आधीपासूनचा आजार धरला आहे का ते वाचून घ्या. इनहेलर दोन घ्या आणि दोन्ही हातातल्या बॅगेत. आणि ग्रुपमध्ये सगळ्यात कमी दम कोणाचा आहे, ते ठरवून मगच गाव शोधायला बसा. सगळ्यात जोरात कोण ओरडतंय त्याचं ऐकू नका.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. पुढच्या आठवड्यात बाबांच्या फुफ्फुसांची तपासणी आहे, ती झाल्यावर डॉक्टर हो-नाही सांगतील. दावोसची सगळी कथा मी बाबांना ऐकवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथे खोलीत हिटर असतो ना रे?" असतो म्हणालो. मग त्यांनी पासपोर्टचे फोटो काढून आणले.