पश्चिमेची खिडकी

नागपूरच्या आमच्या घरात आईच्या खोलीला पश्चिमेकडे सागवानी खिडकी होती. लोखंडी गज, दोन झडपा आणि दोन्ही झडपांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक फट. पावसाळ्यात लाकूड फुगलं की फट मिटायची, उन्हाळ्यात आकसलं की पुन्हा उघडायची. मे महिन्यात दुपारी त्या फटीतून उन्हाची काडी फरशीवर पडे, सूर्य कलेल तशी आत सरके. ती कपाटाच्या पायाला टेकली की आई चहा ठेवायची.

पावसाळ्याच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी, म्हणून त्या खोलीत एसी आला. पुढच्या मे महिन्याचं बिल पाहून मी मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, एसी आणि पंखा बंद करा, उदबत्ती लावा." गार झालेल्या खोलीत मी उदबत्ती फटीजवळ धरली. खाली धूर बाहेर ओढला जात होता, वरच्या टोकाला आत ढकलला जात होता. थंड हवा जड, ती खालून निसटायची आणि वरून गल्लीतली गरम हवा आत यायची. इतकी वर्षं ही फट मला कधी खुपली नव्हती.

खुपणार कशी? कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून घरात सोडतो. त्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर चादरीसुद्धा दमट होतात. म्हणून आई समोरची खिडकी नेहमी चार बोटं उघडी ठेवायची. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हाही तिनं ती मिटली नाही. कूलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद. खिडकी तीच होती, तिचं काम उलटलं होतं.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी स्वस्त पडली असती, पण तो धातू सागवानापेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतो. आम्ही यूपीव्हीसीची चौकट घेतली. काचा दोन, त्यांच्या मधे १२ मिलिमीटर कोंडलेली हवा, कडेनं रबर. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. दुहेरी काच मात्र ऊन अडवत नाही, किरण सरळ आत येतात. त्यांना काचेबाहेरच अडवावं लागतं. पूर्वी वाळ्याच्या ताट्या तेच करायच्या. मी बाहेरून बांबूची चटई टांगली.

बाकीच्या चार खिडक्या बदलू दिल्या नाहीत. सागवान अजून खणखणीत आहे. बिजागऱ्या आवळल्या, तावदानांना नवी लांबी भरली, तेवढं पुरलं.

आता दुपारी एसीचं बाहेरचं यंत्र मधूनमधून थांबतं. पूर्वी ते अखंड घरघरत असायचं. त्या शांततेत पहिल्या दिवशी आई फरशीकडे पाहत बसली होती. "चार वाजले का गं?" तिनं विचारलं. वाजून गेले होते. मी चहा ठेवला.

ती उठली, खोलीचं दार नीट ओढून घेतलं, आणि दिवाणखान्यात कूलर लावून समोरची जुनी खिडकी चार बोटं उघडली.