मोरस साखरेच्या बंदरात

वाचकहो, आपल्याकडची जुनी माणसे पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत असत. गुजरातीत तर साखरेला आजही मोरस हाच शब्द चालतो. हा शब्द आला मॉरिशस बेटाच्या नावावरून, कारण तिथली साखर एके काळी जहाजांतून मुंबई बंदरात उतरत असे. पोर्ट लुई ही त्या बेटाची राजधानी आणि बंदर. कामानिमित्त दोन वर्षे मी या शहराजवळ राहिलो. त्या काळात गावाकडची मित्रमंडळी भेटायला आली आणि त्यांना शहर दाखवण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. एक मित्र कोल्हापूरकडचा ऊस बागायतदार. दुसरा संगमेश्वरकडचा आंबा-काजूवाला आणि सोबत त्याची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. चला, त्यांच्याबरोबर तुम्हालाही हे शहर दाखवतो.

मॉरिशस हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला आहे. मुंबईहून विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऋतू उलटे असतात. आपल्याकडे पेरणीची धांदल चालू असते तेव्हा तिथे थंडी पडते आणि ऊसतोड सुरू होते, ती डिसेंबरपर्यंत चालते. सारा देश मिळून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे!

आधी बाजार

कोणत्याही परक्या गावी गेलात तर आधी तिथला भाजीबाजार पाहावा, असे माझे मत आहे. माणसे काय पिकवतात आणि काय खातात हे तिथे लगेच कळते. पोर्ट लुईचा मोठा बाजार बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आत शिरताच वहिनी थबकल्या. दोडकी, कारली, भेंडी, वांगी, दुधी, लाल भोपळा, सगळे ओळखीचे! नावे मात्र निराळी. भेंडीला ‘लालो’ म्हणतात, कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ आणि कढीपत्त्याला ‘कारीपुले’. शेवटची दोन नावे तमिळ माणसांनी नेलेली. लोकांची रोजची बोली क्रिओल आहे, म्हणजे फ्रेंचच्या पोटातून निघालेली. तिच्यात असे आपल्याकडचे शब्द जागोजागी भेटतात.

बाजारात पोटाचीही सोय होते. तिथली ‘दालपुरी’ म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण समजा. शिजवून वाटलेली डाळ आत भरलेली मऊ पोळी, वर घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि चटणी. दोन पोळ्यांची जोडी कागदात गुंडाळून हातात देतात. दूध आणि सब्जाचे बी घातलेला ‘अलुदा’ प्यालो, तेव्हा मित्र म्हणाला, “अरे, हा तर आपला फालुदा!” तिथले अननस लहान पण फार गोड. डोळे काढण्यासाठी तिरप्या खाचा पाडून ते सोलतात आणि मीठ-मिरची लावून देतात.

पायऱ्यांपाशी

बाजारापासून चालत थोड्या वेळात आप्रवासी घाट येतो. पाहुण्यांना मी समुद्रकिनारे नंतर दाखवत असे, आधी हा घाट. दिसायला इथे फारसे काही नाही. काळ्या दगडाच्या काही पायऱ्या, दवाखान्याच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंती, पहारेकऱ्याची खोली, एवढेच. घाटाचा बराच भाग मोडला गेला आणि हमरस्ताही त्यातूनच गेला. तरीही २००६ साली युनेस्कोने या जागेची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. ती का, हे शेतकऱ्यांच्या घरांनी जाणून घ्यावे असे आहे.

१८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. उसाचे मळे तेव्हा गुलामांच्या श्रमावर चालत. १८३५ मध्ये इथली गुलामगिरी कायद्याने संपली. आता ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानातल्या गरीब कुणबी-मजुरांकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजुरांची पहिली तुकडी उतरली. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात आली. बिहार आणि मद्रासकडचे लोक जास्त होते, पण मुंबई बंदरातून आपल्या रत्नागिरीकडची माणसेही गेली.

करार बहुधा पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. ऐकायला बरे वाटते, पण ‘दुहेरी काट’ नावाची एक रीत होती. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तापाने पडलेल्या माणसाच्या हाती महिनाअखेर काय उरत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. करार संपलेल्यांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर पोलीस पकडत. प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्यानेच १८७१ मध्ये मजुरांच्या बाजूने हजारो सह्यांचा अर्ज तयार केला. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि हळूहळू जाच कमी होत गेला.

वहिनींनी स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ उभे राहून विचारले, “भाऊजी, बायकाही आल्या होत्या का हो?” आल्या होत्या. मळ्यात राबल्या, लेकरे वाढवली आणि भाषा व सण त्यांनीच टिकवले.

संगमेश्वरचा मित्र मात्र गप्प होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गेले, ‘मोरसच्या बोटीत’ चढले, ते पुन्हा आले नाहीत. ते आले की नाही हे पाहण्यासाठी दरवर्षी गौरी-गणपतीत त्यांची आई वाटेकडे बघत बसे, असे त्याची आजी सांगत असे. शहरापासून काही किलोमीटरवर मोका इथे महात्मा गांधी संस्था आहे. या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची आणि जहाज अशा नोंदी त्यांत आहेत. अनेकांचे फोटोही आहेत. आम्ही चौकशी केली तेव्हा पहिला प्रश्न आला, “त्यांचे नाव काय?” मित्राला ते ठाऊक नव्हते. घरात त्यांना सगळे नुसते ‘धाकले’ म्हणत. त्या नावाने कोणती वही उघडणार? आम्ही तसेच परतलो.

किल्ल्यावरून

शहराच्या मधोमध टेकडीवर ॲडलेड किल्ला आहे. तो १८३४ ते १८४० या काळात बांधला. वर चढलात की सारे पोर्ट लुई पायाखाली दिसते. एका बाजूला गलबतांचे बंदर, तर पाठीशी डोंगरांची रांग. त्यांतल्या एका शिखराला ‘अंगठा’ म्हणतात आणि ते दिसतेही तसेच. खाली १८१२ पासूनचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. त्याच मैदानावर १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला. १२ मार्च हा आपल्या दांडीयात्रेच्या आरंभाचा दिवस. पहिले पंतप्रधान झाले शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणूनच या बेटावर आले होते.

हे घडले कसे? शहराबाहेर पडून उसाच्या शिवारात गेलात की उत्तर सापडते. शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. जमीन दगडाळ. मजुरांनी एकेक दगड हाताने वेचून ती लागवडीला आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाले कडेकडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकू लागले. करार संपलेल्या माणसांनी पै-पै साठवून ते तुकडे घेतले. मजुराचा शेतकरी झाला, आणि शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला. संध्याकाळी ‘बैठके’त मुले आपली भाषा शिकत. आज तिथल्या शाळांत मराठीही शिकवतात, गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने नाचतात. सखाराम, भिवाजी ही पूर्वजांची नावे आता आडनावे झाली आहेत.

कोल्हापूरच्या मित्राचे लक्ष अर्थात पिकाकडे. “खोडवे किती घेतात रे हे?” त्याने विचारले. सहा-सात खोडवे सहज घेतात, हे ऐकून तो चकित झाला. एवढ्याशा बेटावर ऊसच का, याचे कारणही साधे आहे. तिथे चक्रीवादळे येतात. इतर पिके भुईसपाट होतात, पण ऊस वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. तरी नुसत्या उसावर भागत नाही, हेही तिथल्या लोकांनी भोगले आहे. १९७३ मध्ये सुमारे सात लाख टन साखर निघाली होती, आता त्याच्या निम्मीही होत नाही. युरोपने ठरलेला चढा भाव देणे २००९ पर्यंत बंद केले. शेकड्यांनी असलेले कारखाने आता तीनच उरले आहेत. चिपाडांवर वीज करून आणि खास प्रतीची साखर विकून ते तग धरून आहेत.

तर वाचकहो, कधी मॉरिशसला जाणे झाले तर निळा समुद्र जरूर पाहा, पण त्या काळ्या पायऱ्यांपाशी घटकाभर थांबा. आणि जाणे न झाले तरी एक काम आजच करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून वाडवडिलांची खरी नावे, त्यांच्या वडिलांची नावे, मूळ गाव आणि गाव सोडून गेलेल्यांची माहिती एका वहीत लिहून घ्या. सातबारा आपण जपून ठेवतो, तशीच ही वहीही ठेवावी. दूरच्या एखाद्या दप्तरात आपल्या माणसाचे नाव वाट पाहत असेल, तर निदान कोणत्या नावाने विचारायचे हे आपल्याला ठाऊक हवे.