खुडूक

अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी नवी अंडी देत नाही, म्हणजे ती फुकट खाते, असा आपल्याकडं पक्का समज आहे. मग तिला पाण्यात बुडवायचं, पाय बांधून टाकायचं, नाहीतर नाकपुड्यांतून पीस आरपार घालायचं. कुरुंदवाडात हे उपाय मी लहानपणापासून पाहत आलो. आता ते पाहवत नाहीत.

फुकट खाणं तर सोडाच, ती जवळपास उपाशीच असते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत बुट्टीत. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक अंगात चढलेलं असतं. छातीखालची पिसं जाऊन उघडं पडलेलं ऊन कातडं ती अंड्यांना भिडवते. चोचीनं अंडी सारखी फिरवते. ती फिरली नाहीत तर आतला जीव कवचाकडच्या पडद्याला चिकटतो. हे 21 दिवस. शेवटी शेवटी पिलू कवचाच्या आतूनच चिवचिवतं आणि ती हळू आवाजात त्याला ओ देते. आमची आत्ती अंडं कानाला लावून सांगायची, ‘उद्या फुटतंय बघ.’

या बैठकीची किंमत ती कळपातही मोजते. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रात मांडलं. कोंबड्या न्याहाळायचा नाद त्यांना लहानपणापासूनचा. तीन आठवडे बाजूला राहिलेलीला परतल्यावर आपली जागा पुन्हा भांडून घ्यावी लागते. पिलं पायाशी असली की मात्र तिचा नूर पालटतो. एरवी सगळ्यांकडून टोचून घेणारी कोंबडी मी उतरंडीत वरच्या थोरलीच्या अंगावर तुटून पडताना पाहिली आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमच्या आळीतल्या चार घरच्या कोंबड्या एकाच गच्चीवर आल्या. प्रत्येक घरची थोरली वेगळी. मग जी जुंपली! तुरे रक्ताळले, पिसं उडाली, दुबळ्या कोंबड्या टाकीमागं दडून राहिल्या. पुढं हळूहळू नवी उतरंड लागली आणि दाण्यावरची मारामारी नुसत्या मान उगारण्यावर आली. या सगळ्या गदारोळात कोपऱ्यातल्या डालग्याखाली एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून होती. खाली वीज गेलेली, दुकानं पाण्यात. तिच्या कामाला मात्र ना वीज लागत होती ना दुकान.

पांढऱ्या लेगहॉर्नमधून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हा खुडूक बसायचा गुण जवळजवळ काढून टाकला. अंडी वाढली, हे खरंच. पण त्या जातीची पुढची पिढी आता यंत्राच्या उबेवर निघते. दर काही वर्षांनी पुराला तोंड देणाऱ्या आमच्या शिरोळ तालुक्यात घराघरातून खुडूक बसणारी गावठी कोंबडी टिकायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

अंडीच हवी असतील तर तिला खाली जाळी असलेल्या, वारं खेळणाऱ्या पिंजऱ्यात काही दिवस दाणापाणी देऊन ठेवा. पोटाला गारवा लागला की बहुधा ती आपण होऊन उठते. नाकात पीस मात्र घालू नका.