दोन वाजतांचा तास

परदेशीं जाणाऱ्या माणसांचे आपल्या लोकांनीं मनांतल्या मनांत दोन वर्ग करून ठेविले आहेत. एक द्रव्य मिळविण्यास जाणारांचा आणि दुसरा विद्या मिळविण्यास जाणारांचा. पहिल्यांचा हेवा करावा आणि दुसऱ्यांचा सत्कार करावा, अशी आमच्या सोलापुरांतील रीत आहे. परंतु विद्या देण्यासाठीं, म्हणजे रोजच्या रोज वर्गावर जाऊन हजेरी घेण्यासाठीं, खडूनें बोटें पांढरीं करण्यासाठीं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरीं वाहून आणण्यासाठीं कोणी समुद्रापलीकडे जातो, असें सांगितलें कीं ऐकणाराची मुद्रा थोडी संशयी होते. “तिकडे शिकविणारे नाहींत काय?” हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, “नाहींत, म्हणूनच,” हें उत्तर आतां तोंडपाठ होऊन बसलें आहे.

इ. स. २००८ च्या सप्टेंबरांत आम्ही इथिओपियाच्या पूर्व भागांत, हरार शहरापासून फार दूर नसलेल्या एका विद्यापीठांत इंग्रजी शिकविण्यास गेलों. त्या सुमारास त्या देशानें एकामागून एक नवीं विद्यापीठें काढलीं होतीं आणि प्राध्यापकांची उणीव भरून काढण्यासाठीं भारतांतून पुष्कळ माणसें करारानें नेलीं होतीं. भारतीय शिक्षक हा तेथील लोकांस नवा प्राणी नव्हता. हैले सेलासी बादशहाच्या अमदानीपासून आपल्याकडील, विशेषतः केरळांतील, शिक्षक तेथील शाळांतून शिकवीत आले होते. आम्ही कां गेलों, हें सांगण्यास संकोचाचें कारण नाहीं. आम्ही पैशासाठीं गेलों. घरावर कर्ज होतें, आणि डॉलरांत मिळणाऱ्या पगारानें तें दोन वर्षांत फिटणार होतें. सेवाभावाची भाषा परत आल्यावर सत्कारसमारंभांत लोकांनींच आम्हांस चिकटविली.

पहिल्या दिवशीं वेळापत्रक हातीं आलें. त्यांत आमचा पहिला तास दोन वाजतां लिहिलेला होता. दुपार मोकळी नाहीं, सकाळ मात्र मोकळी आहे, अशा समजुतीनें आम्ही चहा करीत असतां शेजारचे तेलुगु प्राध्यापक दारांत उभे राहून म्हणाले, “चला, दोन वाजत आले.” घड्याळांत आठास दहा मिनिटें कमी होतीं! त्या देशांत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. ऐकणारास हें विचित्र वाटतें खरें. पण आपले पूर्वजही घटिका सूर्योदयापासूनच मोजीत होते. मध्यरात्रीं सर्व जग निजलें असतां दिवस बदलण्याची युक्ति अधिक शहाणपणाची कशी, हें आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेलें नाहीं.

पंचांगाचीही तीच गोष्ट. प्रत्येकीं तीस दिवसांचे बारा महिने, आणि वर्षाअखेरीस पांच किंवा सहा दिवसांचा एक इवलासा तेरावा महिना. अधिक मासाच्या देशांतून गेलेल्या आम्हांस त्याचें आश्चर्य वाटलें नाहीं. त्यांचा शक मात्र आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षें मागें चालतो. आम्ही पोहोंचलों त्याच महिन्यांत तेथें २००१ सालाचा वर्षारंभ झाला. चाळिशीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थास याहून सुखकर स्वागत तें कोणतें?

वर्गांत साठ-पासष्ट मुलें असत. तेथें आडनांव हा प्रकारच नाहीं. स्वतःचें नांव आणि बापाचें नांव एवढ्यावर भागतें, आणि शिक्षकास ‘मेमहिर’ म्हणजे गुरुजी हें उपपद लावून त्याच्या पहिल्या नांवानेंच हांक मारतात. आमच्या नांवाचा असा उच्चार आमच्या आईखेरीज कोणी केला नव्हता. एखादी गोष्ट समजली काय, असें विचारलें कीं बांकांवरून दचकल्यासारखा श्वास आंत ओढल्याचा आवाज येई. पहिले दोन दिवस हा आवाज कशाचा, तें कळेना. मागाहून समजलें कीं, तो त्यांचा होकार! साठ मुलांनीं एकदम श्वास आंत घेतला म्हणजे वाऱ्याची झुळूक खिडकींतून बाहेर गेल्याचा भास होतो. परत आल्यावर सोलापूरच्या वर्गांतील “हो सर” आम्हांस कित्येक दिवस कोरडें वाटत असे.

शिकविण्याचें काम मात्र अवघड होतें, आणि तें कां अवघड होतें याचा विचार आम्ही आजही करतों. इंग्रजी ही तेथें शिक्षणाची भाषा. घरची भाषा ओरोमो, सोमाली, हरारी, नाहीं तर अम्हारिक. म्हणजे शिकविणाराचीही ती मातृभाषा नव्हे आणि शिकणाराचीही नव्हे. दोघे पाहुणे तिसऱ्याच्याच ओसरीवर बसून एकमेकांस आग्रह करीत आहेत, असा तो प्रसंग. पण सोलापूरच्या शिक्षकास ही ओसरी अपरिचित नसते. आमच्या गांवांत विडी वळणाऱ्या आणि माग चालविणाऱ्या घरांतून तेलुगु बोलतात, बाजारांत कानडी ऐकूं येते, शाळेंत मराठी असते, आणि कॉलेजांत आल्यावर त्या सर्वांवर इंग्रजीचें ओझें पडतें. पुढच्या बांकावरचा मुलगा गप्प बसला तर तो मंद आहे कीं वाक्य मनांतल्या मनांत दोनदां उलटवीत आहे, हें ओळखण्याची विद्या आम्ही येथेंच शिकलों होतों. तीच तेथें उपयोगी पडली. आणि बरोबरीची देवघेव म्हणून आम्हींही त्यांची लिपी शिकण्यास घेतली. तेहतीस मूळ अक्षरें आणि स्वराप्रमाणें बदलणारीं प्रत्येकाचीं सात रूपें. आपल्या बाराखडीची ती सातखडी. आम्ही फळ्यावर एखादें अक्षर चुकीच्या रूपांत काढलें कीं वर्गास होणारा आनंद पाहण्यासारखा असे. मास्तरास शिकतांना पाहिल्यावर मुलें स्वतः बोलण्यास धजतात, एवढें सांगून ठेवतों. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत हें कोठें आम्हांस आढळलें नाहीं.

जेवणाचे हाल होतील, या धास्तीनें घरून कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा बांधून दिला होता. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. तिच्यापुढें विलायती बिस्किटांनीं मान खालीं घालावी. पण हालांचा प्रसंग आलाच नाहीं. बुधवारीं आणि शुक्रवारीं तेथील ख्रिस्ती लोकांचा उपास, त्या दिवशीं खाणावळींत मांस शिजत नाहीं. हरभऱ्याच्या पिठाचें ‘शिरो’ नांवाचें कालवण वाढतात, तें म्हणजे मसाला बदललेलें पिठलेंच. आणि त्या बाजूस शेतोशेतीं उभी होती ज्वारी! ज्वारीचें मूळ घर ईशान्य आफ्रिका होय आणि तेथून ती हजारों वर्षांपूर्वीं आपल्याकडे आली, असें शास्त्रज्ञ सांगतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस हें पुस्तकांतून ठाऊक होतें. पण हरारच्या वाटेवर पुरुषभर उंचीचीं कणसें डोलतांना पाहून, परक्या गांवीं आजोळचें माणूस भेटावें तसें झालें.

पगाराचा एक हप्ता पांच महिने रखडला, पाणी दिवसाआड आलें, विजेचा नेम नव्हता. या गोष्टी सोलापूरकराने दुसऱ्याविरुद्ध तक्रार म्हणून सांगाव्या अशा नव्हेत.

पावसाळ्याच्या संध्याकाळीं वीज गेली म्हणजे आम्हांस आमच्याच गांवच्या एका माणसाची वरचेवर आठवण होई. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसनें १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें, त्यांत ते होते. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळें त्यांची कथा घरोघर पोहोंचली. भय्या चौकांत त्यांचें स्मारक आहे. तोफांचा भडिमार आणि अहोरात्र चाललेल्या शस्त्रक्रिया सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ते शिक्षकही होते, याचा उच्चार जयंतीच्या भाषणांत आम्हीं क्वचितच ऐकला. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवानें उत्तर चीनमध्यें चालविलेल्या वैद्यकशाळेंत ते शिकवीत, आणि चिनी भाषा शिकून घेऊन चिनींतच शिकवीत. जानेवारी १९४१ मध्यें त्याच नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. पत्नी ग्वो छिंगलान याही तेथेंच परिचारिकांस शिकवीत असत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला, तेव्हां विद्यार्थ्यांसाठीं लिहावयास घेतलेलें शल्यविद्येचें पुस्तक अपुरें राहिलें होतें आणि मुलगा यिनह्वा चार महिन्यांचाही झाला नव्हता.

मेणबत्तीच्या उजेडांत उद्यांच्या तासाचें टिपण काढतांना आम्ही त्या अपुऱ्या पुस्तकाचा विचार करीत असूं. परभाषेंत व्याख्यान देणें एक वेळ सोपें. हातवारे साह्यास येतात, समोरच्या मुद्रा सांभाळून घेतात. परभाषेच्या मुलांसाठीं पुस्तक लिहिणें म्हणजे आपण उद्यां समोर नसूं, हें गृहीत धरून लिहिणें. तिशींतल्या माणसाच्या ठिकाणीं ही दृष्टि कोठून आली असेल!

आणखी एक गोष्ट आम्हांस तेथें टोंचूं लागली. १९३९ च्या आरंभीं, येनानकडे निघण्याच्या सुमारास, कोटणिसांस वडील वारल्याची वार्ता समजली. तरी ते मागें फिरले नाहींत. पथकांतील इतर चौघे यथाकाल परतले, हे परतले नाहींत. इकडे आमच्या आईस कांचबिंदूनें दिसेनासें होत चाललें होतें. फोनवर ती म्हणे, “मला काय धाड भरली आहे? तूं तुझें काम कर.” आणि मग हळूच विचारी, “तिकडे आतां किती वाजले?” विद्यापीठाची करार वाढविण्याची तयारी होती. त्या वर्षीं सत्र उशिरा सुरू झाल्यामुळें वर्गांत ‘मॅक्बेथ’चा शेवटचा अंक राहिला होता. त्याच वेळीं आईच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आणि आमची मुदतही भरली.

निरोप घेतांना एक विद्यार्थी आमच्या खोलीवर आला. हरारच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा तो मुलगा. वर्गांत कमी बोलणारा, पण वही पाहण्यासारखी. तो म्हणाला, “मेमहिर, आमच्या शाळेंतही भारतीय शिक्षक होते. चांगले होते. सारे गेले. आमचा शेवटचा धडा नेहमीं दुसरा कोणी तरी शिकवितो.” त्याच्या बोलण्यांत रोष नव्हता, पर्जन्यमानाविषयीं बोलावें तसा तो बोलला. यावर देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि त्यानें तें मागितलेंही नाहीं. पांचव्या अंकावरचीं आमचीं टिपणें त्यास द्यावीं असें मनांत आलें, परंतु तीं मराठींत होतीं.

आम्ही परत आलों. आईच्या एका डोळ्यास अंधुक दृष्टि राहिली. पुढें सहा वर्षें ती आम्हांस आवाजावरून नव्हे तर पाहून ओळखीत होती. जयंतीच्या व्यासपीठावरून “कोटणीस व्हा” असा उपदेश तरुणांस होतो, तेव्हां आम्ही मागच्या रांगेंत बसतों. राहणाराचें मोठेपण आम्ही पूर्णपणें मानतों. पण राहणें हाच एक धर्म आणि परतणें म्हणजे त्यांतून पडणें, हें आम्हांस मान्य नाहीं. ज्यानें अंधारांत चांचपडणाऱ्या आईचा हात सोडून वर्गाकडे जावयाचें कीं वर्ग सोडून तिच्याकडे यावयाचें, हा निवाडा केला नाहीं, त्यानें तो व्यासपीठावरून करूं नये.

गेल्या वर्षीं त्या विद्यार्थ्याचा निरोप आला. तो आतां दिरे दावा येथील एका शाळेंत इंग्रजी शिकवितो. वेळापत्रकाचें छायाचित्र त्यानें सोबत जोडलें होतें. पहिला तास दोन वाजतां. ‘मॅक्बेथ’च्या पांचव्या अंकावर आम्ही काय सांगणार होतों, असें त्यानें विचारलें होतें. जुनी वही माळ्यावर सांपडली. चार संध्याकाळ बसून आम्हीं तीं टिपणें इंग्रजींत उतरविलीं आणि रात्रीं साडेअकराच्या सुमारास पाठविलीं. पोंच लगेच आली. तिच्याखालीं त्यानें लिहिलें होतें, “आमच्याकडे तीन वाजले आहेत, आतां वाचण्यास बसतों.”